नाव नसलेली बत्तीस लाख माणसं

१८५० साली अमेरिकेची सातवी खानेसुमारी झाली. घरोघर फिरणाऱ्या कारकुनांकडे या वेळी दोन वेगवेगळे तक्ते होते. पहिला तक्ता स्वतंत्र माणसांचा. घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यात लिहायचं होतं, अगदी पाळण्यातल्या बाळाचंसुद्धा. दुसरा तक्ता गुलामांचा. त्यातही नावाचा रकाना होता, पण तो मालकाच्या नावासाठी. त्याखाली वय, लिंग, रंग. ‘स्त्री, ३५, काळी’. ‘मुलगा, ८, काळा’. ओळ संपली. गुलामांचीही नावं लिहावीत असा प्रस्ताव सुरुवातीच्या मसुद्यात होता. दक्षिणेकडच्या सिनेटरांनी हरकत घेतली आणि नावांच्या जागी क्रमांक आले.

त्या बिननावाच्या ओळींची बेरीज झाली ३२,०४,३१३. देशाची एकूण लोकसंख्या होती २,३१,९१,८७६. म्हणजे दर सात माणसांत एक माणूस दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचा होता.

बत्तीस लाख हा आकडा आपण सहज वाचून पुढे जातो. मीही गेलो होतो. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एका माणसाला उभं राहायला अर्धा मीटर जागा धरू. मुंबई सेंट्रलच्या फलाटापासून रुळांच्या कडेने ही माणसं एकामागे एक उभी केली, तर रांग गुजरात आणि राजस्थान ओलांडून दिल्लीला पोचते, दिल्लीतही संपत नाही, अंबाल्याच्या पुढे जाते. आता त्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं ठरवलं आणि एका नावाला दोन सेकंद लागले, तर न झोपता, न जेवता, न थांबता ७४ दिवस लागतील. मात्र मोठ्याने वाचायला हातात काही नाही, कारण नावं लिहिलेलीच नाहीत.

दहा वर्षांनी, १८६०च्या खानेसुमारीत, हाच आकडा ३९,५३,७६० झाला. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८पासून कायद्याने बंदी होती, त्यामुळे ही वाढ मुख्यतः जन्माची. आई गुलाम असेल तर मूल जन्मतःच गुलाम, हा कायदा. दहा वर्षांत साडेसात लाखांची भर पडली, म्हणजे दिवसाला दोनशेहून जास्त. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलामांची होती. १८६०च्या बाजारभावाने या सगळ्या माणसांची किंमत तीन अब्ज डॉलरच्या वर जात होती. देशातले सगळे लोहमार्ग आणि सगळे कारखाने एकत्र केले तरी तेवढी किंमत होत नव्हती. काँग्रेसमधल्या जागा ठरवतानाही ही माणसं मोजली जात. राज्यघटनेप्रमाणे एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस. बत्तीस लाख माणसांचे १९ लाख २२ हजार मोजायचे आणि त्या हिशोबाने दक्षिणेला वाढीव प्रतिनिधी द्यायचे. मत मात्र त्यांच्यातल्या एकालाही नाही.

हे काही गुपित नव्हतं. खानेसुमारीचे अहवाल छापले जात, लिलावाच्या जाहिराती रोजच्या वर्तमानपत्रात येत. उत्तरेतला सुशिक्षित माणूस त्या वाचत होता, सुताचा सदरा घालत होता आणि रविवारी चर्चमध्ये जात होता. आकड्याने कोणाची झोप उडाली नव्हती.

सप्टेंबर १८५०मध्ये पळालेल्या गुलामांसंबंधीचा नवा कायदा आला आणि आकडे थेट उत्तरेच्या दारात येऊन उभे राहिले. पळून आलेल्या माणसाला आसरा दिला तर १,००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही, ज्यूरी मिळणार नाही. निकाल एक कमिशनर देणार. त्याने ‘हा गुलाम आहे’ असं ठरवलं तर त्याला १० डॉलर मिळणार, ‘हा स्वतंत्र आहे’ असं ठरवलं तर ५. पहिल्या प्रकारात कागदपत्रं जास्त करावी लागतात, असं कारण दिलं गेलं. त्या पाच डॉलरच्या फरकाचा राग उत्तरेत फार खोल गेला. आणि एवढा कडक कायदा किती लोकांसाठी? त्याच खानेसुमारीप्रमाणे वर्षभरात पळून गेलेले आणि हाती न लागलेले गुलाम होते १,०११. दर तीन हजार माणसांमागे एक.

मेन राज्यातल्या ब्रन्सविक या थंडगार गावात तेव्हा एका प्राध्यापकाचं बिऱ्हाड नुकतंच आलं होतं. कॅल्विन स्टो बोडन कॉलेजात धर्मशास्त्र शिकवणार होते. पत्नी हॅरिएट बीचर स्टो चाळिशीच्या उंबरठ्यावरची, कडेवर तान्हं मूल. संसाराला हातभार म्हणून मासिकांना छोट्या कथा-लेख देणारी. त्याआधी अठरा वर्षं ती सिनसिनाटीत राहिली होती. ओहायो नदीच्या अलीकडे सिनसिनाटी, स्वतंत्र राज्यात, आणि पलीकडे केंटकी, गुलामीत. नदी ओलांडून आलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या, त्यांचं बोलणं ऐकलं होतं. १८४९च्या उन्हाळ्यात शहरात पटकीची साथ आली आणि तिचा दीड वर्षाचा चार्ली गेला. लिलावात जिचं मूल हिरावून नेतात त्या आईला काय होत असेल, हे आपल्याला चार्लीच्या मरणाने कळलं, असं तिने पुढे पत्रात लिहिलं. मला वाटतं तिने पुढे जे पुस्तक लिहिलं त्याचं मूळ तिथे आहे. कायद्याने ठिणगी टाकली असेल, पण लाकूड आधीच वाळलेलं होतं.

वॉशिंग्टनहून ‘नॅशनल एरा’ नावाचं गुलामगिरीविरोधी साप्ताहिक निघत असे. गमालिएल बेली हे त्याचे संपादक. १८४८मध्ये ‘पर्ल’ नावाच्या छोट्या जहाजातून सत्तराहून जास्त गुलामांनी पळून जायचा प्रयत्न केला, तेव्हा संतापलेल्या जमावाने याच साप्ताहिकाच्या कचेरीला वेढा घातला होता. हॅरिएटने बेलींना कळवलं की एक गोष्ट लिहीत आहे, तीन-चार अंकांत संपेल. ५ जून १८५१ला पहिला हप्ता आला. गोष्ट काही संपेना. १ एप्रिल १८५२ला शेवटचा हप्ता छापला गेला तोवर चाळीसेक हप्ते झाले होते, ४५ प्रकरणं झाली होती. मध्येच एखादा आठवडा तिच्या हातून मजकूर जायचा राहून गेला की वाचकांची पत्रं येत. घरात तान्हं मूल, स्वयंपाक, शिकवण्या, आणि त्यातून वेळ काढून हे लेखन.

‘अंकल टॉम्स केबिन’. गोष्टीचा पाया एका कर्जात आहे. केंटकीतला एक बऱ्या स्वभावाचा मालक कर्ज फेडायला दोघांना विकतो. एक मध्यमवयीन, देवभोळा टॉम आणि दुसरा एलायझाचा चिमुकला मुलगा. एलायझा रात्रीच पोराला छातीशी धरून पळते आणि ओहायो नदीवरच्या तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत पलीकडे जाते. टॉम पळत नाही. तो दक्षिणेकडे विकला जातो, एका हातातून दुसऱ्या हातात जातो, शेवटी लेग्री नावाच्या क्रूर मळेवाल्याकडे पोचतो. तिथून पळालेल्या दोन बायका कुठे आहेत हे त्याला माहीत असतं. तो सांगत नाही आणि त्यासाठी मार खाऊन मरतो. टॉम, एलायझा, हॅरी, टॉप्सी, कॅसी, एमेलिन. खानेसुमारीच्या कारकुनाने जे लिहिलं नव्हतं ते हॅरिएटने लिहिलं. तिने त्यांना नावं दिली. साप्ताहिकात ही गोष्ट जाहीर झाली तेव्हा तिचं उपशीर्षकच होतं, वस्तू असलेल्या माणसाची गोष्ट, अशा अर्थाचं.

साप्ताहिकाकडून तिला ठरले होते ३०० डॉलर. त्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात शेतावर राबू शकणाऱ्या धडधाकट तरुणाचा भाव हजार डॉलरच्या घरात होता.

पुस्तक काढायला एक प्रकाशक नाही म्हणाला. बॉस्टनच्या जॉन जुवेटने घेतलं. निम्मा खर्च तुम्ही द्या, निम्मा नफा घ्या, असं त्याने सुचवलं. कॅल्विनकडे पैसे नव्हते, त्यांनी दहा टक्के मानधन पत्करलं. पत्नीला एखादा रेशमी पोशाख घेता येईल एवढे पैसे मिळावेत, ही त्यांची अपेक्षा. २० मार्च १८५२ला दोन खंडांत ५,००० प्रती बाहेर पडल्या. पहिल्याच दिवशी ३,००० गेल्या. आठवड्यात १०,०००. छापखान्यात वाफेवरची तीन यंत्रं रविवार सोडून रात्रंदिवस चालत होती, कागदाच्या तीन गिरण्या आणि शंभरावर बांधणीवाले याच एका पुस्तकाच्या कामाला होते, आणि तरी मागणी पुरी होत नव्हती. वर्षअखेर अमेरिकेतला आकडा ३,००,००० झाला.

हा आकडा जरा उलगडून पाहू. वर्षाला तीन लाख म्हणजे दिवसाला ८२२, तासाला ३४. रात्र असो, दिवस असो, दर पावणेदोन मिनिटांनी कोणीतरी एक प्रत विकत घेत होतं आणि हे सलग वर्षभर. देशातल्या दर ७७ माणसांमागे एक प्रत. दक्षिणेत हे पुस्तक उघडपणे मिळणं अवघड होतं आणि गुलामांना तर वाचायला शिकवणंच अनेक दक्षिणी राज्यांत गुन्हा होता. ती माणसं वगळली तर उत्तरेतलं प्रमाण याहून कितीतरी दाट होतं. आजच्या अमेरिकेत त्याच प्रमाणात पुस्तक खपायचं तर पहिल्या वर्षात ४३ लाख प्रती जाव्या लागतील, आणि तेही दूरचित्रवाणी नसताना, टेलिफोन नसताना. शिवाय त्या काळी पुस्तक एकट्याने वाचायची वस्तू नव्हती. जेवणं उरकल्यावर दिव्याभोवती सगळं घर बसे, एक जण मोठ्याने वाची. एका प्रतीमागे पाच जण धरले तरी पंधरा लाख श्रोते होतात, आणि माझ्या मते हा हिशोब कंजूष आहे.

हे पुस्तक वीस वर्षं आधी आलं असतं तर एवढं पसरलं असतं का? मला शंका आहे. वाफेची छपाई, ओतीव ठशांवरून पाहिजे तितक्या वेळा छापता येण्याची सोय, स्वस्त कागद आणि आगगाडी हे सगळं नेमकं याच सुमारास जुळून आलं. १८५०मध्ये देशात साडेचौदा हजार किलोमीटर लोहमार्ग होता, दहा वर्षांत तो तिपटीहून जास्त झाला. उत्तरेत वाचता येणाऱ्यांचं प्रमाण जगातल्या कोणत्याही देशाच्या तोडीचं होतं.

पहिल्या तीन-चार महिन्यांत हॅरिएटला मानधनाचे १०,३०० डॉलर मिळाले. तोवर कोणत्याही अमेरिकन लेखकाला एवढ्या थोड्या दिवसांत इतके पैसे मिळाले नव्हते. बाजारभावाने त्यात दहा माणसं विकत घेता आली असती. हा हिशोब मांडताना माझा हात थांबला होता, पण तो मांडल्याशिवाय त्या काळात पैशाचा अर्थ काय होता हे कळत नाही.

ब्रिटनमध्ये तर महापूर आला. आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्काचा कायदा नव्हता, त्यामुळे ज्याला वाटेल तो छापत होता. वर्षभरात दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. काही अंदाज पंधरा लाखांपर्यंत जातात. त्याबद्दल लेखिकेला जवळपास काहीच मिळालं नाही. मिळाली ती एक वेगळी भेट. गुलामगिरी संपवा, असं अमेरिकेतल्या भगिनींना विनवणारं एक निवेदन ब्रिटनमधल्या स्त्रियांनी काढलं आणि त्यावर सह्या गोळा केल्या. सरदार घराण्यातल्या बायकांपासून मजूर वस्तीतल्या बायकांपर्यंत ५,६२,००० हून जास्त सह्या झाल्या. त्या २६ जाडजूड खंडांत बांधून हॅरिएटकडे पोचवल्या गेल्या. या सह्या करणाऱ्यांपैकी एकीलाही स्वतःच्या देशात मताचा हक्क नव्हता. इकडे बत्तीस लाख ओळी बिननावाच्या, तिकडे साडेपाच लाख बायकांनी आपापलं नाव लिहून त्यांची बाजू घेतली. जगाच्या इतिहासात एका कादंबरीमुळे याहून मोठं काही घडल्याचं मला तरी आठवत नाही.

दक्षिणेने काय केलं? आधी म्हटलं, हे सगळं खोटं आहे. हॅरिएटने १८५३मध्ये पुराव्यांचं वेगळं पुस्तकच काढलं, ‘अ की टू अंकल टॉम्स केबिन’. त्यात न्यायालयांचे निकाल होते, कायद्याची कलमं होती, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती होत्या. तिच्या हाताशी एक जुना ग्रंथही होता. १८३९मध्ये थिओडोर वेल्ड, त्याची पत्नी अँजेलिना ग्रिमके आणि मेहुणी सेरा ग्रिमके यांनी दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांचे वीस हजारांहून जास्त अंक चाळून मालकांच्याच शब्दांतला पुरावा जमवला होता. दोघी बहिणी साउथ कॅरोलायनातल्या गुलाममालकाच्या घरात वाढलेल्या. पळालेल्या गुलामाच्या शोधाची जाहिरात देताना मालक त्याच्या ओळखीच्या खुणा लिहीत. पाठीवर वळ, कानाला छेद, गालावर डागलेलं अक्षर. यातल्या एका खुणेसाठीही लेखकाच्या कल्पनेची गरज नव्हती. वीस हजार अंक, महिनोन्महिने, दिव्याच्या उजेडात. कादंबरी पाहता पाहता लिहिली गेली असं वाटतं, पण तिच्या खाली हे पायाचे दगड आहेत.

मग दक्षिणेच्या बाजूने उत्तरादाखल कादंबऱ्यांची रांग लागली. १८६१च्या यादवी युद्धापर्यंत पंचवीस-तीस तरी निघाल्या असतील. सगळ्यांत मायाळू मालक आणि सुखी गुलाम. त्यांतल्या सगळ्यांत चाललेल्या कादंबऱ्यांपैकी एक, मेरी ईस्टमनची ‘आन्ट फिलिसेस केबिन’, वीस-तीस हजारांवर थांबली.

आणि जिथे कादंबरीने भागलं नाही तिथे कायदा होता. मेरीलँडमधल्या डॉर्चेस्टर काउंटीतला सॅम्युएल ग्रीन हा जन्माने गुलाम, पुढे स्वतंत्र झालेला काळा धर्मोपदेशक. त्याचा मुलगा १८५४मध्ये कॅनडाला पळून गेला. मुलगी मालकाने मिसुरीला विकली. बाप कायद्याने स्वतंत्र आणि मुलं कायद्याने गुलाम, अशी ती घरं होती. पळून जाणाऱ्यांना ग्रीन मदत करतो या संशयावरून १८५७मध्ये त्याच्या घराची झडती झाली. कॅनडाचा नकाशा सापडला, आगगाडीचं वेळापत्रक सापडलं, मुलाचं पत्र सापडलं आणि दोन खंडांतलं ‘अंकल टॉम्स केबिन’ सापडलं. नकाशा, वेळापत्रक आणि पत्र यांवरून गुन्हा शाबीत झाला नाही. पुस्तकावरून झाला. शिक्षा दहा वर्षं. उत्तरेत जे पुस्तक पाच वर्षांत घराघरात पोचलं होतं, तेच बाळगल्याबद्दल एका म्हाताऱ्या माणसाला तुरुंग. पाच वर्षं आत काढल्यावर १८६२मध्ये त्याला सोडलं, तेही राज्य सोडून जाण्याच्या अटीवर. या सगळ्या आकड्यांत मला हा एक आकडा सगळ्यात जड वाटतो. दोन खंड, दहा वर्षं. एका खंडाला पाच.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. गुलामगिरीबद्दल लिहिणारी हॅरिएट पहिली नव्हती. रिचर्ड हिल्ड्रेथची कादंबरी १८३६मध्येच आली होती. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम होते. त्यांनी १८४५मध्ये आपलं आत्मचरित्र लिहिलं, सत्य आणि धारदार. चार महिन्यांत ५,००० प्रती गेल्या आणि १८६०पर्यंत सगळ्या मिळून सुमारे ३०,०००. सॉलोमन नॉर्थअप न्यूयॉर्कचा स्वतंत्र नागरिक. त्याला पळवून विकलं आणि बारा वर्षं लुइझियानात राबवलं. त्याचं आत्मकथन १८५३मध्ये आलं, हॅरिएटलाच अर्पण केलेलं, आणि तेही तीस हजारांच्या आसपासच राहिलं. विल्यम वेल्स ब्राउन या पळून आलेल्या गुलामाने १८५३मध्येच ‘क्लोटेल’ ही कादंबरी लिहिली, ती त्याला लंडनमध्ये छापावी लागली. पाठीवर वळ घेऊन लिहिणाऱ्यांची पुस्तकं तीस-तीस हजार आणि गोऱ्या प्राध्यापकाच्या पत्नीची कल्पित गोष्ट तीन लाख. गोऱ्या वाचकांनी काळ्या माणसाच्या साक्षीपेक्षा गोऱ्या बाईच्या कथेवर दसपट विश्वास टाकला, असंच याला म्हणावं लागेल. कादंबरीतही दोष आहेत. वाचलेल्या पात्रांना शेवटी आफ्रिकेत लायबेरियाला धाडायची कल्पना मार्टिन डिलेनीसारख्या काळ्या विचारवंतांना तेव्हाच खुपली होती. डग्लस यांनी मात्र पुस्तकाची बाजू घेतली. ते शस्त्र कामाचं आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

ते खरंच किती कामाचं ठरलं, हे मोजायचं कसं? लोकमताचा त्या काळचा एकच पक्का आकडा आपल्याकडे आहे, मतपेटीचा. अध्यक्षीय निवडणुकीत गुलामगिरीला विरोध करणाऱ्या पक्षाला १८४०मध्ये मिळाली सुमारे ७,००० मतं. १८४४मध्ये ६२,०००. १८४८मध्ये २ लाख ९१ हजार. आता १८५२, पुस्तकाचं वर्ष, नोव्हेंबरपर्यंत घराघरात टॉमच्या मरणावर रडून झालेलं. मतं मिळाली १ लाख ५५ हजार. वाढली नाहीत, निम्म्यावर आली. विकलेल्या प्रतींच्याही निम्मी.

‘पुस्तकाने युद्ध घडवलं’ असं सरधोपट म्हणणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. तो मला निराश करत नाही, उलट पुस्तक कसं काम करतं हे त्यातून कळतं. दिव्याभोवती बसलेल्या त्या घरात मत कोणाला होतं? फक्त बापाला. आई ऐकत होती, मुली ऐकत होत्या, मुलगे ऐकत होते. १८५२मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा १८६१मध्ये एकवीस वर्षांचा झाला. त्याच्या कानावर लहानपणीच एलायझाच्या पावलांखाली कडकडणारा बर्फ पडलेला होता. मधल्या काळात १८५४मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायदा आला, गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरायला मोकळीक मिळाली आणि रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉटच्या खटल्यात ठरवलं की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. मार्च १८५९मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना इथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस पावसात एकाच मालकाच्या ४२९ माणसांचा लिलाव झाला. आले ३,०३,८५० डॉलर, माणशी सातशे. वर्तमानपत्रातलं त्याचं वर्णन वाचणाऱ्या उत्तरेतल्या माणसाला आता त्या ४२९ जणांत टॉम दिसत होता, एमेलिन दिसत होती. राजकारणातली प्रत्येक नवी घटना त्या आधीच नांगरलेल्या जमिनीवर पडत होती. १८५६मध्ये रिपब्लिकन उमेदवाराला १३ लाखांहून जास्त मतं पडली. १८६०मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या लिंकनना १८ लाख ६५ हजार, आणि दक्षिणेतल्या दहा राज्यांत एकही नाही. गुलामगिरी तत्काळ बंद करू असं लिंकनही तेव्हा म्हणत नव्हते. ती पसरू देणार नाही, एवढंच. दक्षिणेला युद्धासाठी तेवढंही पुरलं.

१८६२च्या अखेरीस हॅरिएट व्हाइट हाउसमध्ये लिंकनना भेटली. एवढीशी बाई आणि केवढं युद्ध पेटवलंस, अशा अर्थाचं लिंकन काहीतरी बोलले, ही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. त्या काळच्या कोणत्याही पत्रात ते वाक्य नाही. ते छापून आलं तीसहून अधिक वर्षांनी, दोघंही हयात नसताना. मला त्याहून एक कोरडी नोंद मोलाची वाटते. काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या नोंदीप्रमाणे लिंकन यांनी १६ जून १८६२ला हॅरिएटचं ते पुराव्यांचं पुस्तक घरी नेलं आणि २९ जुलैला परत केलं. ४३ दिवस ते त्यांच्याकडे होतं. २२ जुलैला त्यांनी मंत्रिमंडळासमोर गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत ते पुस्तक त्यांच्याजवळ होतं, एवढं नक्की.

युद्धात किती मेले याचा आकडा बरीच वर्षं ६ लाख २० हजार सांगितला जाई. नव्या अभ्यासांत तो सात लाखांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे गेला आहे. दर पंचेचाळीस माणसांमागे एक. उत्तरेच्या लष्करात १ लाख ७९ हजार काळे सैनिक लढले, त्यांतले बरेच कालपर्यंत कोणाची तरी मालमत्ता होते. आपल्या पूर्वजांपर्यंतही हे युद्ध पोचलं. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा जवळजवळ चार पंचमांश कापूस अमेरिकेतले गुलाम पिकवत. तो अडकला आणि लँकाशायरने वऱ्हाड, खानदेश, गुजरातकडे तोंड वळवलं. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि बँका बुडाल्या. दूरच्या गुलामांच्या घामावर जगाचा किती कारभार चालला होता, हे खानदेशातल्या शेतकऱ्यालाही त्या भावावरून कळलं.

पैशापलीकडचंही काही पुण्यात पोचलं. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी इथल्या लोकांनी तोच कित्ता गिरवावा, ही आशा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेतच लिहून ठेवली. उत्तरेतल्या त्या वाचकांचं अश्रू ढाळणं कुठवर गेलं हे पाहायचं असेल तर ही एक अर्पणपत्रिका पुरेशी आहे.

टॉमचं पुढे काय झालं हे सांगताना वाईट वाटतं. नाटकवाल्यांनी त्याला उचललं. १८५२मध्येच ट्रॉय शहरात नाटकाचे शंभर प्रयोग लागोपाठ झाले, न्यूयॉर्कमध्ये तीनशेहून जास्त, आणि शतकाच्या अखेरीस देशभर शेकडो फिरत्या कंपन्या हेच नाटक करत होत्या. लेखिकेला त्यातला एक पैसाही मिळाला नाही. तोंडाला काजळ फासलेल्या गोऱ्या नटांनी टॉमला दाती तृण धरणारा लाचार म्हातारा करून टाकलं आणि त्याचं नाव शिवी झालं. कादंबरीतला टॉम दोन बायकांचा ठावठिकाणा सांगत नाही म्हणून मारला जातो. ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी निदान एवढं लक्षात ठेवावं.

डिसेंबर १८६५मध्ये घटनेची तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्या पूर्वजांचा माग काढणारे काळे अमेरिकन आजही जुने कागद उलटत उलटत एका वर्षापाशी येऊन थांबतात, कारण त्यामागे बहुतेकांच्या हाती फक्त वय, लिंग आणि रंग लागतो. ते वर्ष आहे १८७०. त्या वर्षीच्या खानेसुमारीत देशात ४८,८०,००९ काळी माणसं मोजली गेली. त्यांच्यातली जी पूर्वी गुलाम होती, त्यांच्या ओळीत पहिल्यांदाच त्यांचं स्वतःचं नाव लिहिलेलं आहे.